राखणदार कुत्र्यासाठी घरी येऊन प्रशिक्षण : सोलापुरातील एका सेवेचा अनुभव

पाळलेला कुत्रा दारावर येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जात असेल, तर त्याला घरी येऊन शिकवणारी माणसे आता सोलापुरातही मिळतात. त्यांपैकी एकाची सेवा आम्ही घेतली, तिच्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे. काम एकट्या माणसाचे आहे, त्यांची पाटी नाही की दुकान नाही, आणि संपर्क आमच्या पशुवैद्यांनी दिलेल्या नंबरावरून झाला. त्यांचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत. शिवाय ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना अशा सेवेकडून काय मागावे आणि कशाची अपेक्षा धरू नये, हे कळणे मला नावापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

आमचा बंड्या गावठी आहे. जुळे सोलापुरात आमचे बैठे घर आहे, समोर थोडे अंगण, लोखंडी फाटक, आणि बाहेरच्या बाजूने गच्चीवर जाणारा जिना. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई. पिल्लू असताना बंड्या कोणाच्याही मांडीवर जाऊन बसत असे, त्यामुळे दीड वर्षाचा झाल्यावर तो फाटकाशी उभा राहून मानेवरचे केस पिंजारू लागला तेव्हा आम्हाला प्रथम त्याचे कौतुकच वाटले. हे वय कुत्रा शहाणा होण्याचे आणि आपली हद्द राखू लागण्याचे असते, असे पुढे प्रशिक्षकांनी सांगितले. दूधवाले काका, पेपर टाकणारा मुलगा, घंटागाडी, कुरिअर, गॅसची टाकी आणणारा माणूस असा एकेक जण त्याच्या यादीत जमा होत गेला. पुढे त्याची हद्द फाटकापुरती राहिली नाही. शेजारच्या काकूंची भिंत, कोपऱ्यावरचा विजेचा खांब, तिथपर्यंतचा सगळा रस्ता त्याने आपल्या नावावर करून घेतला.

सोलापुरात हा प्रश्न एका कारणाने अधिकच चिघळतो, ते म्हणजे पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्याची वेळही भरवशाची नसते. पाणी आले की गल्लीतले प्रत्येक फाटक वाजते, पाइप ओढले जातात, मोटारी सुरू होतात, शेजारच्या काकू तेलुगूत मोठ्याने हाक मारून पलीकडच्या घराला उठवतात, आणि हे कधी पहाटे तर कधी भर रात्री. कुत्र्याच्या दृष्टीने ही सरळसरळ चौफेर चढाई असते. पाण्याच्या दिवशी बंड्या सलग तास-दीड तास भुंकत असे आणि त्यानंतरचा अख्खा दिवस त्याचा पारा चढलेलाच राही. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाच्या पोटरीला त्याने दात लावले तोही अशा दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी. जखम झाली नाही, पण पँट दोन बोटे फाटली आणि ती भरून देऊनही तो माणूस पुढे टाकी फाटकाबाहेरच ठेवू लागला.

या सेवेकडे येण्यापूर्वी आम्ही आणखी एका शिकवणाऱ्याला बोलावले होते. त्याविषयी थोडक्यात सांगते, कारण दोन्ही पद्धतींतला फरक कळल्याशिवाय दुसऱ्या सेवेचे मोल कळणार नाही. पहिल्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली, बंड्या गुरगुरला की हिसका द्यायचा आणि गरज पडली तर त्याला उताणा पाडून धरायचे असे शिकवले. कुत्रा हा लांडगाच आहे, कळपात एकच मालक असतो आणि तो आपण आहोत हे त्याला पटवावे लागते, असे त्याचे तत्त्वज्ञान होते. काही आठवड्यांत बंड्याचे गुरगुरणे खरोखर थांबले. त्यानंतर तो काहीही आवाज न करता, ताठ उभा राहून, एकदम वसकन अंगावर जाऊ लागला. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना असते, आणि ती दाबून टाकली की मनातली भीती तशीच राहते, फक्त समोरच्याला मिळणारा इशारा नाहीसा होतो.

कळपातल्या मालकाची ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप हा बहुधा नर, मादी आणि त्यांची पोरे असा साधा परिवार असतो, हे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ सालच्या निबंधात मांडले, तेही स्वतः पूर्वी जुनी कल्पना लिहून प्रसृत केलेली असताना. आपल्याकडे नान्नजच्या माळावर लांडगे आहेत, आणि सोलापूरच्या माणसाने लांडग्याच्या नावाने असली शिकवण विकत घ्यावी ही गंमतच म्हणायची.

दुसऱ्या प्रशिक्षकांच्या पहिल्या भेटीतच फरक जाणवला, तो त्यांच्या येण्यात. त्यांनी बेल वाजवली नाही. कोपऱ्यावर गाडी लावून फोन केला आणि बंड्याला मागच्या खोलीत ठेवून दार लावून घ्या, मगच फाटक उघडा, असे सांगितले. आत आल्यावर कुत्रा पाहण्याची त्यांना अजिबात घाई नव्हती. आधी लसीकरणाचे कार्ड मागितले, रेबीजची लस दर वर्षी वेळेवर झाली आहे की नाही ते तपासले, आणि मग पशुवैद्यांकडून कान, दात, सांधे आणि थायरॉइडची तपासणी झाल्याशिवाय पुढची भेट देणार नाही असे स्पष्ट सांगितले. दुखणे असलेला कुत्रा चिडका होतो आणि दुखण्यावर प्रशिक्षण हा उपाय नाही, एवढे साधे कारण होते. बंड्याच्या एका कानात खरोखर संसर्ग निघाला. तो बरा झाल्यावर त्याचे डोक्याला हात लावू न देणे बरेच कमी झाले, मात्र फाटकावरची चढाई तशीच राहिली. नसबंदी केली की सगळे निवळते, असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे की नसबंदी इतर कारणांसाठी जरूर करावी, पण हद्द राखण्याची वृत्ती तिने हमखास कमी होईल असे धरून चालू नये.

त्यानंतर त्यांनी वहीत आमच्या अंगणाचा नकाशा काढला. फाटक कुठे, बेल कुठे, बंड्या दिवसभर कुठे बसतो, कोण कोणत्या बाजूने येते, हे सगळे त्यांनी सासूबाईंना विचारून लिहून घेतले, कारण दिवसभर घरात असणाऱ्या त्याच. सासूबाईंनी दूध, पेपर, घंटागाडी आणि भाजीवालीच्या वेळा अशा तोंडपाठ सांगितल्या की प्रशिक्षकांनी दोनदा लिहिणे थांबवून त्यांच्याकडे पाहिले. या चौकशीतून निघालेली गोष्ट मला संपूर्ण सेवेचे सार वाटते. फाटकाच्या खाली वीतभर फट होती आणि बंड्याला त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. गच्चीच्या जिन्याची पाचवी-सहावी पायरी ही त्याची टेहळणीची जागा होती. म्हणजे दिवसातून पन्नास माणसे घरावरून नुसती चालत जात, बंड्या प्रत्येकावर भुंके, आणि प्रत्येक माणूस पुढे निघून जाई. ती माणसे आपापल्या कामाला चालली आहेत हे आपल्याला कळते. कुत्र्याच्या हिशेबी मात्र आपण भुंकलो म्हणून शत्रू पळाला. पेपरवाला पेपर टाकून जाणारच असतो, पण बंड्या रोज सकाळी एक लढाई जिंकून नाश्त्याला येत होता. जी गोष्ट दिवसातून पन्नास वेळा यशस्वी होते ती कोणता कुत्रा सोडेल?

म्हणून पहिले काम कुत्र्यावर झालेच नाही, ते घरावर झाले. फाटकाच्या जाळीला आतून पत्रा लावला आणि खालची फट बंद केली. जिन्याच्या तोंडाशी छोटे दार बसवले. घराच्या दारापुढे, व्हरांड्यात, कमरेच्या वर येईल असे जाळीचे दुसरे दार फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले, ज्यामुळे फाटक उघडले तरी कुत्रा आणि पाहुणा यांच्यामध्ये नेहमी एक अडसर राहतो. या दाराची कडी बाहेरून हात घालून उघडता येणार नाही अशी असावी आणि दार आतल्या बाजूला उघडावे, असे दोन्ही मुद्दे त्यांनी वेल्डरला फोनवर समजावले. आम्ही आधी पत्र्याऐवजी हिरवी शेडनेट लावून पाहण्याचा विचार केला होता. उन्हाळ्यातल्या वावटळीत ती फडफडेल आणि त्या फडफडण्यावरच तो भुंकू लागेल, असे म्हणून त्यांनी ते मोडीत काढले. बांधून ठेवण्यालाही त्यांचा ठाम विरोध होता, कारण साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मागे हटायला जागा उरत नाही आणि जागा नसलेला कुत्रा पुढेच जातो. लोखंडकामाचा खर्च सेवेच्या शुल्कापेक्षा कमी आला नाही, ही गोष्ट सेवा घेणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरावी.

या बदलांनीच भुंकणे निम्म्याहून खाली आले, तेही कुत्र्याला एक अक्षर न शिकवता. यजमानांचे त्या वेळचे म्हणणे होते की मग वेल्डरलाच बोलावले असते तर शुल्क वाचले असते. ते पूर्णपणे चूक होते असे मला आजही वाटत नाही, परंतु पत्रा कुठे लावायचा हे वेल्डरला सांगणारा माणूस लागतोच.

प्रत्यक्ष शिकवण्याची पद्धत सांगायला सोपी आणि करायला कंटाळवाणी आहे. घरातली एक जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून व्हरांड्याच्या आतल्या कोपऱ्यात अंथरली. बेल वाजली की या चादरीवर जायचे, आणि चादरीवर गेले की खायला मिळते, एवढाच सगळा धडा. पण खरी बेल वाजवून सुरुवात करायची नाही. आमच्याच बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि तो इतका बारीक ठेवला की बंड्याचा कान हलेल पण तो उठणार नाही. आवाज झाला की लगेच चादरीवर पनीरचा तुकडा पडायचा. आवाज आधी आणि पनीर नंतर, हा क्रम उलटला तर सगळे फुकट जाते, कारण कुत्रा मग पनीरची पिशवी पाहून कामाला लागतो, बेल ऐकून लागत नाही. तो शांत राहिला तर पुढच्या खेपेला आवाज किंचित वाढवायचा, आणि तो ताठ झाला, ओठ चाटू लागला, जांभई देऊ लागला किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला तर आवाज एक पायरी खाली आणायचा. जांभई हे केवळ झोपेचे लक्षण नसून अवघडलेपणाचेही असू शकते, हे आमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलेले नव्हते. आवाजानंतर खरी बेल, बेलनंतर फाटकाबाहेर उभा असलेला घरचाच माणूस, मग ओळखीचा शेजारी, आणि सर्वांत शेवटी अनोळखी माणूस, अशी ती चढण होती.

खाऊचा प्रश्न आमच्याकडे जरा नाजूक झाला. प्रशिक्षकांनी उकडलेली कोंबडी सुचवली, आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ती शिजणे शक्य नव्हते. वाद न घालता त्यांनी पनीर आणि बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे यांवर काम चालवले. मुले मात्र कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून बंड्याला देत असत, आणि हे कळताच प्रशिक्षकांनी पहिल्यांदा आवाज चढवला. चटणीत लसूण असतो, आणि लसूण व कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट यांनाही त्यांनी त्याच भेटीत मनाई केली. ज्या जिल्ह्यात द्राक्षे आणि बेदाणे घरोघरी असतात तिथे ही सूचना पहिल्या दिवशीच लेखी मिळायला हवी होती.

शब्दांचा गोंधळ त्यांनी फार चांगला हेरला. बंड्याला बोलावताना मी "ये" म्हणत असे, यजमान "इकडे ये", मुले "कम", आणि सासूबाई, ज्यांचे माहेर अक्कलकोटकडचे, त्या कानडीत "बा" म्हणत. बंड्या कोणाचे ऐकतो हे पाहायला त्यांनी आम्हा सर्वांना अंगणाच्या चार कोपऱ्यांत उभे केले आणि एकेकाला हाक मारायला लावली. बंड्या प्रत्येक वेळी थोडा विचार करून आला, फक्त सासूबाईंच्या हाकेला तो धावत गेला. "आजी, आजपासून सगळ्यांनी तुमचाच शब्द वापरायचा," असे त्यांनी जाहीर केले आणि त्या क्षणापासून या प्रशिक्षणाची खरी सूत्रे सासूबाईंकडे गेली. त्या वेळेच्या पक्क्या, त्या आवाज चढवत नाहीत आणि त्यांना दया येऊन त्या जादा तुकडा देत नाहीत. आम्हा नोकरदारांपेक्षा ही शिकवण त्यांना सहज जमली.

मुसक्याला, म्हणजे कुत्र्याने चावू नये म्हणून त्याच्या तोंडावर घालायच्या आवरणाला, मात्र सासूबाईंनीच प्रथम विरोध केला. "बैलाला घालतात ते लेकराला घालायचं?" असे त्या म्हणाल्या आणि दिवसभर प्रशिक्षकांशी बोलल्या नाहीत. प्रशिक्षकांनी आणलेले मुसके जाळीच्या टोपलीसारखे होते, तोंड आवळून बंद करणारे कापडी नव्हते. कुत्रा आपले शरीर मुख्यतः धापा टाकून थंड ठेवतो, त्यामुळे ज्या मुसक्यात त्याला तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता येत नाही, ते सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत जिवावर बेतू शकते. जाळीच्या मुसक्यात तो धापा टाकतो, पाणी पितो, आणि फटीतून पनीरही खातो. ते घालण्याची सवयही अशीच हळूहळू लावली. मुसक्याच्या तळाशी पनीर ठेवायचे, बंड्याने आपणहून तोंड घालायचे, आणि पट्टा लावण्याची घाई करायची नाही. आणलेले पहिले मुसके मापाने लहान निघाले आणि बदलून मिळायला बराच काळ गेला. माप घेताना तोंड मिटलेले असताना घेतले होते, धापा टाकत असताना घ्यायला हवे होते, आणि असल्या कामात मुरलेल्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हते.

फिरायला नेण्यातही बदल झाला. रोज त्याच गल्लीतून, त्याच खांबापर्यंत नेल्याने तो रस्ता आपला असल्याची त्याची समजूत पक्की होत होती, म्हणून दर दिवशी दिशा बदलायची आणि घराच्या लगतचा भाग न थांबता ओलांडायचा, असे ठरले. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच बाहेर पडायचे आणि तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून ठेवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवायचे नाही, हा नियम मुलांनी लगेच उचलला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीसमोर काय करावे याबाबत मात्र सल्ला फारच तोकडा होता. रस्ता बदला, यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि आमच्या भागात बदलायला नेहमी दुसरा रस्ता असतोच असे नाही.

या माणसाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने कसलेही वचन दिले नाही. ठरावीक दिवसांत कुत्रा पूर्ण सुधारून देतो, अशी जाहिरात करणारे अनेक आहेत. यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की बंड्या अनोळखी माणसाला शेपूट हलवत भेटणारा कुत्रा होणार नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. दारावर कोणी आले की त्याने कळवावे, दोन वेळा भुंकावे, आणि पुढचे घरच्यांवर सोपवून चादरीवर जावे, एवढेच ध्येय ठेवायचे. चावण्याचेही त्यांनी भावनेने नव्हे तर मोजमापाने वर्गीकरण केले. पशुवैद्य इयान डनबार यांनी केलेल्या सहा पायऱ्यांच्या मापात टाकीवाल्याचा प्रसंग दुसऱ्या पायरीत बसतो, म्हणजे दात लागले पण कातडी भेदली नाही. तिसऱ्या पायरीपासून, जिथे दात आत रुततात, तिथून पुढे ते एकट्याने काम घेत नाहीत आणि मोठ्या शहरातील वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याकडे पाठवतात. आपली मर्यादा आधी सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

कायद्याची जाणीवही त्यांनीच करून दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी लावली की जबाबदारी संपते, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत त्यामुळे टिकत नाही. दात लागून कातडी फाटली, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे वाक्य त्यांनी आमच्याकडून फाटकाच्या आतल्या बाजूला लिहून लावून घेतले.

आता तक्रारी. वेळेची शिस्त नाही. सकाळी नऊची वेळ ठरवून साडेदहाला येणे, आणि तेही नेमके पाणी आलेल्या दिवशी, हे एकदा नव्हे तर वारंवार घडले. पाण्याच्या दिवशी वाढलेला पारा पाहायला मिळाला तर बरेच, असे त्यांनी त्यावर हसून सांगितले, पण कार्यालयात अर्धा दिवस रजा टाकून बसलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही नसते. सर्व भेटींचे शुल्क आगाऊ घेतले जाते आणि मध्येच थांबलात तर उरलेले परत मिळत नाही. व्हॉट्सअॅपवर विचारलेल्या शंकेला उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, ज्या वेळेपर्यंत प्रसंग होऊन गेलेला असतो. आणि सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे घरी करायच्या सरावाचे छापील कागद संपूर्ण इंग्रजीत होते. ज्यांच्या हातून हा सराव व्हायचा त्या सासूबाईंना मराठी आणि कानडी वाचता येते, इंग्रजी नाही. शेवटी माझ्या मुलीने ते सगळे वहीत मराठीत उतरवून काढले, पनीरच्या ठिकाणी पनीरचे चित्र काढले, आणि ती वही प्रशिक्षकांना इतकी आवडली की त्यांनी मोबाइलवर तिची पाने टिपून नेली. मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या या शहरात ही सोय त्यांनी स्वतः कधीच करायला हवी होती.

फळाचे म्हणाल तर दूधवाले काका आता फाटक उघडून व्हरांड्यात किटली ठेवतात आणि बंड्या जाळीच्या दारामागे चादरीवर बसून त्यांच्याकडे रोखून पाहत राहतो. त्यांच्यावरचा त्याचा संशय गेलेला नाही, तो फक्त गप्प बसायला शिकला आहे. पेपरवाल्या मुलासाठी तो उठतही नाही. कुरिअरवाल्यांवर अजून दोन-चार वेळा भुंकतो. घंटागाडीच्या भोंग्यापुढे मात्र कोणतीच विद्या चालली नाही. ती गल्लीत शिरली की तो मान वर करून तिच्या सुरात सूर मिसळतो आणि आम्ही तो विषय सोडून दिला आहे. टाकीवाला अजून फाटकाबाहेरच थांबतो, आणि त्याच्यावर त्याबद्दल काही बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला येणाऱ्यांची रीघ लागते तेव्हा, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते तेव्हा, बंड्याला सरळ आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ लावून ठेवायचे, असा त्यांचाच सल्ला आहे. सगळे प्रसंग शिकवून सोडवायचे नसतात, काही दार लावून सोडवायचे असतात, हे त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे.

ही सेवा कोणी घ्यावी, असे विचाराल तर ज्यांच्या घरात दिवसभर कोणीतरी एक स्थिर माणूस असतो, लोखंडकाम करून घेण्याची तयारी आहे आणि रोज पाच-पाच मिनिटांचा सराव महिनोन्महिने टिकवता येतो, त्यांनी बेलाशक घ्यावी. दोघेही नोकरीवर, मुले शिकवणीला आणि कुत्रा दिवसभर एकटा, अशा घराला आगाऊ पैसे भरण्याआधी एकच भेट घेऊन पाहण्याचा आग्रह धरावा लागेल; तशी सोय ते मागितल्याशिवाय देत नाहीत, पण मागितल्यावर देतात. एका भेटीचे शुल्क पशुवैद्यांच्या तपासणी शुल्कापेक्षा बरेच जास्त आहे. नकाशा काढून झाल्यावर निघणाऱ्या कामांची यादी पहिल्याच भेटीत हातात पडते आणि आमच्या मते सगळ्या शुल्काचा मोठा भाग तिथेच वसूल होतो. दिवाळीत नणंदेकडची मंडळी लहान बाळाला घेऊन राहायला येणार आहेत, त्यामुळे त्याआधी आम्ही आणखी एक भेट घेणार आहोत. या वेळी पैसे भेट झाल्यावर देऊ, असे आधीच सांगून ठेवले आहे.